थंडरबर्डला ड्यूक ३९०चे पुढचे शॉकअप बसवायचे आहेत: टी, स्टेम, ट्रेल यांचं गणित कसं जमवावं?

घाटवळण

नमस्कार मंडळी.

माझी रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५०, २०१४ची, एबीएस नसलेली. मागचा मडगार्ड कापला, सीट खाली घेतली, रुंद हँडल लावलं. आता ती चांगली बसकी क्रूझर दिसते. इंजिनाबद्दल काहीच म्हणणं नाही. दुखणं आहे ते पुढच्या शॉकअपचं. वरंध घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक टेकते आणि त्याच क्षणी चाकाखाली खड्डा आला तर हिसका थेट मनगटात येतो. ऑइल बदललं, सील बदलले, फार फरक पडला नाही.

नाना पेठेत एका दुकानात केटीएमच्या पहिल्या पिढीच्या ड्यूक ३९०चे डब्ल्यूपी कंपनीचे यूएसडी (उलटे, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक खाली असलेले) शॉकअप आले आहेत, ४३ मिमीचे. फक्त दोन नळ्या आहेत. टी (दोन्ही नळ्या वर-खाली धरून ठेवणारे आडवे क्लॅम्प) नाहीत, चाक नाही. दुकानदार म्हणतो, टर्नरकडून बुश (भोकातली फट भरणारी कडी) करून घ्या, बसतात. मला ते पटत नाही. ज्यांनी असं काम स्वतः केलंय किंवा करून दिलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. दिसण्यासाठी नाही, गाडी घाटात नीट चालावी म्हणून करायचंय.

कोल्हापुरी_लेथ

घाटवळण, नुसत्या नळ्या घेऊ नका. पैसे देऊन बसला असाल तर परत करा.

उद्यमनगरात माझं लेथचं काम आहे आणि पुढचा भाग बदलायला आलेल्या गाड्या नेहमी हाताखालून जातात. तुमच्या मूळ शॉकअपच्या नळ्या ४१ मिमीच्या आहेत आणि टीमध्ये त्याच धरल्या जातात. यूएसडीमध्ये ४३ मिमीची नळी खाली असते; टी धरते ती वरची जाड नळी, आणि तिचा व्यास पन्नाशीच्या पुढे. बुश कुठे घालणार? मूळ टी बोअर करून मोठी केली तर भिंतच उरत नाही. असे बोअर केलेले टी मी पाहिलेत. पिंच बोल्टच्या (टी नळीवर आवळणाऱ्या बोल्टच्या) कडेला केसाएवढी चीर होती, आणि ती गाडी रोज रस्त्यावर होती.

या कामात शॉकअप ही सगळ्यात सोपी वस्तू आहे. खरं काम टीचं आणि स्टेमचं, म्हणजे खालच्या टीला बसवलेल्या आणि चेसिसच्या हेडमध्ये फिरणाऱ्या दांड्याचं. म्हणून एकाच गाडीचा अख्खा पुढचा भाग घ्या: दोन्ही शॉकअप, वरची टी, खालची टी स्टेमसकट, एक्सल, त्याचे स्पेसर, चाक, डिस्क, कॅलिपर आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर. एक्सलचे दोन स्पेसर नसले तर तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण चाक मध्यावर आणण्यासाठी ते अंदाजाने करावे लागतात आणि तिथेच कॅलिपर डिस्कला घासायला लागतो.

ड्यूकचा एक फायदा आहे. ती नेकेड (पुढे आवरण नसलेली) गाडी असल्यामुळे वरच्या टीवर हँडल बसवायची सोय आहे. आर१५सारख्या गाडीचं घेतलं तर क्लिप-ऑन (थेट नळ्यांना आवळलेलं) हँडल येतं आणि क्रूझरवर ते चालत नाही. वरची टी नव्याने बनवावी लागते.

रानवाट

+१. आणखी एक सांगतो. बाजारात यूएसडी म्हणून साध्या शॉकअपवर चढवायची कव्हरंही मिळतात. आत जुनंच सगळं. फोटो बघून पैसे पाठवू नका.

आणि अपघातातल्या गाडीचे शॉकअप असतील तर खालची नळी जाड काचेवर ठेवून हाताने गोल फिरवा. वाकली असेल तर नळीखालून उजेडाची फट मोठी-लहान होताना दिसते. व्ही-ब्लॉक आणि डायल गेज मिळालं तर उत्तमच. क्रोमवर नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खड्डा आहे, आणि तो खड्डा नवीन सील काही दिवसांत फाडणार. वाकलेली नळी प्रेसवर सरळ करून देतो म्हणणारे भेटतील, ऐकू नका.

घाटवळण

धन्यवाद दोघांनाही. नळ्या घेत नाही. पूर्ण सेट शोधतो.

स्टेमचं विचारायचं राहिलं. ड्यूकचा स्टेम माझ्या हेडमध्ये लांबीला बसला नाही तर? ड्यूकच्या खालच्या टीला जोड वेल्ड करून लांब करता येतो का?

कोल्हापुरी_लेथ

वेल्डिंगचं नाव काढू नका. खालची टी ॲल्युमिनियमची आणि स्टेम लोखंडी असेल तर तो जोड साध्या वेल्डिंगने होतच नाही. दोन्ही लोखंडी असले तरी स्टेम मध्यात तोडून जोडायचा नाही. सगळा भार तिथेच येतो.

रस्ते दोन. डोनरच्या (ज्या गाडीचा पुढचा भाग घेतला तिच्या) स्टेमची लांबी पुरत असेल तर असा बेअरिंग शोधायचा ज्याचं आतलं माप नव्या स्टेमचं आणि बाहेरचं माप तुमच्या हेडचं. बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये पुष्कळदा सापडतो. शक्य असेल तिथे टेपर रोलरच घ्या, सुट्ट्या गोळ्यांचा कोनसेट नको.

लांबी पुरत नसेल तर डोनरच्या खालच्या टीतून स्टेम प्रेसवर बाहेर काढायचा आणि नवा स्टेम बनवायचा. मटेरियल ईएन २४, हार्डन-टेम्पर केलेलं. टीमध्ये बसणारा भाग भोकापेक्षा किंचित जाड ठेवायचा, त्या व्यासाला तीन ते पाच शतांश मिमी. टी ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांच्या आसपास तापवायची, स्टेम फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि दोन्ही बाहेर काढून एका दमात बसवायचं. हातोडा लागला तर माप चुकलंय असं समजा. खालून सर्क्लिप किंवा आडवी पिन हवीच, फक्त घट्टपणावर सोडायचं नाही.

आणि टर्नरला एक गोष्ट आवर्जून सांगा. स्टेमचा व्यास जिथे बदलतो, त्या खांद्याला कोपरा टोकदार ठेवायचा नाही. तिथे गोलाई द्यायची. टूलची धार नवीन असली की टर्नर सवयीने काटकोनात खांदा उतरवतो, दिसायला फार साफ दिसतं. तडा तिथूनच सुरू होतो. दर ब्रेकला त्या कोपऱ्यावर वाकण्याचा ताण येतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस स्टेम तुटतो. माझ्याकडे खांदा हातात घेऊन, नखाने गोलाई तपासल्याशिवाय मी स्टेम बाहेर जाऊ देत नाही.

ओहायोकर

इथे अमेरिकेत हा प्रकार बराच जुना आहे. हार्लेची स्पोर्टस्टर किंवा डायना घ्यायची आणि तिला सुझुकी जीएसएक्स-आरचा पुढचा भाग लावायचा. स्पोर्टस्टरला वर्षानुवर्षं ३९ मिमीचे साधे शॉकअप होते, त्यामुळे फरक पहिल्याच वळणावर कळतो. माझ्या स्पोर्टस्टरला तेच केलंय.

घाटवळण, तुमच्या प्रश्नात ट्रेलचा उल्लेख फक्त शीर्षकात आहे. मला वाटतं, सगळा धागा त्याच्यावर हवा.

हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे जमिनीला लागते त्याच्या मागे टायर जमिनीला टेकलेला असतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक सरळ राहतं ते त्याच्यामुळे. तो तीन गोष्टींवर ठरतो: हेडचा कोन म्हणजे रेक, चाकाची त्रिज्या, आणि टीचा ऑफसेट, म्हणजे स्टेमच्या मध्यापासून दोन्ही शॉकअपच्या मध्यांना जोडणारी रेषा किती पुढे आहे ते.

स्पोर्ट बाइकचा रेक २४-२५ अंश, म्हणून तिच्या टीला ऑफसेट कमी, साधारण २५ ते ३५ मिमी. क्रूझरचं हेड जास्त कललेलं, म्हणून तिला ऑफसेट जास्त दिलेला असतो. स्पोर्टची टी क्रूझरच्या हेडला लावली की ऑफसेट घटतो आणि ट्रेल वाढतो. एवढं वाचून लोक घाबरतात किंवा दुर्लक्ष करतात. दोन्ही न करता हिशोब करा.

सूत्र: त्रिज्या गुणिले रेकचा साइन, त्यातून ऑफसेट वजा, आणि आलेल्या उत्तराला रेकच्या कोसाइनने भागा.

उदाहरणाचे आकडे घेतो, तुमचे तुम्ही मोजा. रेक ३० अंश, ऑफसेट ५० मिमी, पुढे ९०/९०-१९ टायर म्हणजे त्रिज्या सुमारे ३२२ मिमी. ट्रेल येतो १२८. आता फक्त टी बदलून ऑफसेट ३० केला तर ट्रेल १५१. हा जास्त आहे. गाडी हळू चालवताना हँडल एका बाजूला पडायला लागतं, यू-टर्नला ते जोर लावून धरावं लागतं.

पण तुम्ही चाकही बदलताय. ड्यूकचं ११०/७०-१७ म्हणजे त्रिज्या २९३. तोच ऑफसेट ३०, ट्रेल १३५. शिवाय चाक लहान झाल्यामुळे गाडीचं तोंड २९ मिमी खाली आलं. थंडरबर्डचा व्हीलबेस १३५० मिमी, म्हणजे पुढून २४ मिमी खाली गेलं की रेक साधारण एक अंशाने कमी होतो. तुमचा सव्वा अंश कमी झाला. ट्रेल १२७. म्हणजे जवळपास निघालो तिथेच!

मला या कामात सगळ्यात आवडतं ते हे. तीन चुकीचे वाटणारे बदल एकमेकांना सावरून घेतात. मात्र आकडे मांडले तरच.

कोल्हापुरी_लेथ

वा! हा हिशोब मी गिऱ्हाइकांना वहीवर काढून दाखवतो, पण इतका सलग मांडला नव्हता.

एक भर घालतो. शॉकअपची लांबीही मोजा, एक्सलच्या मध्यापासून वरच्या टीच्या वरच्या पृष्ठापर्यंत, दोन्ही गाड्यांची, चाक अधांतरी ठेवून. स्पोर्टचे बहुधा आखूड असतात. समजा ५० मिमी आखूड निघाले, तर तोंड आणखी ४३ मिमी खाली जातं आणि ओहायोकरांच्या उदाहरणात ट्रेल ११५वर येतो. चालवायला तो वाईट नाही. पण एकूण ७० मिमीपेक्षा जास्त गाडी पुढून बसली म्हणजे इंजिनाचं तळ आणि सायलेन्सर आपल्या गावच्या गतिरोधकाला घासणार. साइड स्टँडवर गाडी जवळजवळ उभीच राहते, वाऱ्याने पलटी होते. मागचे शॉकअप उंच केले तर रेक आणखी कमी होतो. सगळं एकमेकांना बांधलेलं आहे.

मुक्काम_सातारा

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे. कायद्याचं मात्र कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हीलबेस आरसीच्या तपशिलात येतो आणि पुढचा भाग बदलला की व्हीलबेसही बदलतो.

दंडापेक्षा मला विम्याची काळजी वाटते. अपघातात समोरच्याला इजा झाली आणि सर्व्हेअरने बदललेला पुढचा भाग पाहिला, तर पुढे काय होईल याचा विचार घरच्यांसमोर बसून करा. मी विरोध करत नाही, पण हे माहीत असून करा.

घाटवळण

हे स्पष्ट लिहिल्याबद्दल खरंच आभार. मोकळ्या जागेत, ट्रॅक डेला आणि प्रदर्शनात नेण्यासाठी वेगळी ठेवावी का, असाही विचार आता करतोय. तोपर्यंत बाकीची माहिती गोळा करू.

शांत_थंप

मी उलट बाजूने लिहितो. घाटवळण यांची मूळ तक्रार वाचा: ब्रेकला नाक टेकतं आणि खड्ड्याला हिसका बसतो. या दोन्ही गोष्टी मूळ शॉकअपमध्येच सुधारता येतात.

साध्या शॉकअपमध्ये डॅम्पर रॉड असतो. ठरावीक भोकांतून ऑइल ढकललं जातं. ऑइलचा वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर, जेव्हा हालचाल संथ असते, तेव्हा विरोध अपुरा पडतो आणि नाक बसतं. खड्ड्याला हालचाल झटक्यात होते, तेव्हा ऑइल भोकांतून जाईनासं होतं आणि हिसका बसतो. जाड ऑइल घातलं की पहिलं सुधारतं, दुसरं बिघडतं. तुम्हाला फरक का पडला नाही त्याचं उत्तर यात आहे.

उपाय: वजनाला साजेशी कडक स्प्रिंग, आणि डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसणारा इम्युलेटर व्हॉल्व्ह. त्यातली झडप जोराचा धक्का आला की उघडते, म्हणून संथ हालचालीला विरोध जास्त ठेवता येतो. टी, स्टेम, ब्रेक, मीटर, कशालाच हात लावावा लागत नाही. आरटीओचा प्रश्नही मिटतो.

ओहायोकर

शांत_थंप यांच्याशी बराच सहमत आहे. पण दोन गोष्टी इम्युलेटरने मिळत नाहीत. एक, यूएसडीचा कडकपणा. जाड नळी टीमध्ये धरलेली असते, म्हणजे वाकवणारा जोर सर्वांत जास्त जिथे येतो तिथेच सर्वांत जाड भाग. जोरात ब्रेक दाबून वळणात शिरताना पुढचं चाक तुम्ही सांगाल तिथेच जातं. दुसरं म्हणजे ब्रेक. रेडियल कॅलिपर आणि मोठी डिस्क सोबत येते.

ब्रेकवरून आठवलं: मास्टर सिलिंडर डोनरचाच वापरा. कॅलिपरचे पिस्टन आणि मास्टरचा पिस्टन यांचं प्रमाण कंपनीने जुळवलेलं असतं. लहान मास्टरला मोठा कॅलिपर जोडला तर लिव्हर मुठीपर्यंत येतो, उलट केलं तर लिव्हर दगडासारखा लागतो आणि गाडी थांबत नाही.

टायर तपासा. पुढे रेडियल आणि मागे बायस (आतल्या धाग्यांची रचना वेगळी असलेले टायर) अशी जोडी टाळा. माझ्या स्पोर्टस्टरला पुढे १२०/७०-१७ रेडियल आल्यावर मागचं चाक-टायरही बदलावं लागलं. तो खर्च सुरुवातीला कोणी सांगत नाही. स्पोर्टस्टरचा स्पीड सेन्सर गिअरबॉक्सवर आहे, त्यामुळे मीटरला धक्का लागला नाही. पुढच्या चाकातून केबल येणाऱ्या गाड्यांना वेगळा सेन्सर लावावा लागेल.

नवी_मीटिअर

वाचतोय, फार उपयोगी धागा. माझी मीटिअर ३५० आहे, ड्युअल चॅनल एबीएसवाली. तिला हे करता येईल का?

कोल्हापुरी_लेथ

दादा, तुम्ही करू नका. १९ इंचीऐवजी १७ इंची चाक लावलं की तेवढ्याच वेगाला ते सुमारे दहा टक्के जास्त फिरतं. एबीएसचा मेंदू पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करतो, शिवाय सेन्सरच्या कड्याचे दातेही वेगळे असू शकतात. चुकीच्या वेळी ब्रेक सुटला तर? तुमच्या गाडीला शांत_थंप यांचा उपायच योग्य.

रानवाट

बसवून झाल्यावर पहिली चाचणी रस्त्यावर नाही, जॅकवर करायची. दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंग काढा, टोपणं परत लावा, गाडी पूर्ण खाली दाबा. नळी तळाला टेकली की बघा: मडगार्ड खालच्या टीला लागतो का, टायर चेसिसच्या पुढच्या नळीला लागतो का, ब्रेकची होज कुठे चिमटते का. मग त्याच अवस्थेत हँडल दोन्ही टोकांना फिरवा. टाकीला शॉकअप लागायच्या आधी स्टॉपर लागलाच पाहिजे. डोनरच्या टीचे स्टॉपर तुमच्या चेसिसशी जुळत नाहीत, ते बनवावे लागतात. हे विसरले तर पार्किंगमध्ये पहिल्याच दिवशी टाकीला खळगा पडतो, आणि गाडी पडली तर बोटं टाकी आणि हँडलमध्ये चेचतात. हँडल लॉकही बहुतेक जाणारच.

ओहायोकर

आणि खालच्या टीचे पिंच बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. जास्त आवळले तर यूएसडीची बाहेरची नळी किंचित चेपते, आतली नळी तिथे अडकत चालते, आणि मग माणूस ऑइल, स्प्रिंग सगळं बदलत बसतो. एक्सल घट्ट केल्यावर, त्याचे पिंच बोल्ट आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून शॉकअप काही वेळा दाबा, म्हणजे दोन्ही नळ्या समांतर येतात.

स्प्रिंगसाठी सॅग मोजा. तुम्ही गाडीवर बसल्यावर एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास शॉकअप बसला पाहिजे. थंडरबर्ड ड्यूकपेक्षा बरीच जड आहे, पण क्रूझरचं वजन मागे जास्त असतं, त्यामुळे पुढच्या चाकावरचा फरक वाटतो तितका नसतो. पुढचं चाक वजनकाट्यावर ठेवून पाहा, मगच स्प्रिंग मागवा.

घाटवळण

पूर्ण सेट मिळाला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर. दोन्ही टी, चाक, एक्सल, स्पेसर, कॅलिपर, मास्टर सगळं एकाच गाडीचं. रानवाट यांनी सांगितलं तसं काचेवर फिरवून पाहिलं, नळ्या सरळ आहेत. डाव्या सीलखाली ऑइलचा थर होता, यूएसडीमध्ये सील खाली असल्यामुळे गळती थेट कॅलिपरवर येते. म्हणून दोन्ही सील आणि ब्रेक पॅड बदलणार. स्टेम माझ्या हेडला आखूड पडतो, म्हणजे नवा बनवावाच लागणार. हेडभोवतीच्या वेल्डिंगची डाय पेनेट्रंट (रंग मुरवून चीर शोधायची) चाचणी करून घेतोय, कारण यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) थंडरबर्डच्या चेसिसला पुढे एकच नळी आहे आणि नवा ब्रेक जुन्यापेक्षा जोरात धरणार.

रस्त्यासाठीची दुसरी गाडी घरात आहे, ही फक्त ट्रॅकसाठी ठेवायची, असं ठरवलंय. कोल्हापुरी_लेथ, टी घेऊन तुमच्याकडे आलो तर चालेल का?

कोल्हापुरी_लेथ

या की! फक्त खालची टी आणू नका, वरचीही आणा; दोन्हींची भोकं एका रेषेत आहेत की नाही ते स्टेम बसवल्यावर एकदम तपासायचं. थंडरबर्डचा मूळ स्टेम सोबत हवा. जुना कोनसेट फेकू नका, वाट्या हेडमधून ठोकून काढू नका, गाडीच टेम्पोत घालून आणलीत तर मी हेडचं माप इथेच घेईन. आणि चाक हवेसकट आणा, त्रिज्या टायर भरलेला असतानाच मोजायची.